एका केबलवरचं नेटवर्क: बस टोपॉलॉजी कुठून आली

बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ सुरू झालं, तोवर बस टोपॉलॉजी मागे पडत चालली होती. खानापूर-निपाणीकडून येणारी मुलं आजही तिची आकृती बिनचूक काढतात: एक केबल, तिला जोडलेले कॉम्प्युटर, दोन टोकांना टर्मिनेटर. पण टर्मिनेटर कशाला हवा, हे विचारलं की अडतात.

तिचं मूळ अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात आहे. तिथे १९७१ मध्ये अलोहानेट हे बिनतारी नेटवर्क सुरू झालं. बेटांवरची टर्मिनल्स रेडिओने जोडलेली; दोघांनी एकदम पाठवलं की दोन्ही संदेश वाया. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ही कल्पना केबलवर आणली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत इथरनेट उभं केलं. आधी कानोसा घ्यायचा, केबल मोकळी असली तरच पाठवायचं. तरीही टक्कर झाली तर दोघांनी थांबायचं आणि प्रत्येकाने आपापला, कमीजास्त वेळ जाऊ देऊन पुन्हा पाठवायचं. १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं मानक ठरवलं.

पुढे आलेल्या पातळ केबलचा एक तुकडा १८५ मीटरपर्यंत चाले, त्यावर ३० जोडण्या. केबलचं टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. ५० ओहमचा टर्मिनेटर तो सिग्नल तिथेच जिरवतो. त्यामुळे एका टेबलामागचा टी कनेक्टर (कॉम्प्युटर केबलला जोडणारा तुकडा) सैल होऊन केबल तिथे उघडी पडली, तरी अख्खी लॅब बंद पडायची. मग मल्टीमीटर लावायचा: सुमारे २५ ओहम आले (समांतर जोडलेले दोन ५० म्हणजे निम्मे) तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर, ५० आले तर एकाचा पत्ता नाही.

१९९० मध्ये ट्विस्टेड पेअरचं, म्हणजे पिळलेल्या तारांच्या केबलचं मानक आलं; प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या वेगळ्या केबलने मधल्या एका पेटीला जोडला जाऊ लागला. त्या पेट्या म्हणजे आधी हब, मग स्विच. ऑफिसातून बस गेली.

पण तिला इतिहासजमा म्हणून शिकवणं मला मुळीच पटत नाही. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी कॅन बस जाहीर केली: गाडीतले वेगवेगळे भाग एकाच वायरिंगवर बोलतात. इथे टक्करीत कुणाचाच संदेश वाया जात नाही. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो; ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो, बाकीचे थांबतात. ब्रेकचा संदेश रेडिओच्या आवाजासाठी थांबला तर कसं चालेल? बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यांत यंत्रं जोडायला वापरली जाणारी आरएस-४८५ मानकाची वायरिंगही याच घराण्यातली.

महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडी बंद करून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर धरतो. टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणून ६० यायला हवेत. १२० दिसले की तो वायर कुठे तुटली ते शोधायला लागतो.