रवांडा १९९४: शंभर दिवसांच्या आधीची साठ वर्षं

रवांडातल्या १९९४ च्या नरसंहाराचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, आफ्रिकेतल्या टोळ्या, पिढ्यान् पिढ्यांचं वैर, चालायचंच. हे ऐकलं की मला संताप येतो, कारण हुतू (बहुसंख्य) आणि तुत्सी (अल्पसंख्य) या तिथल्या दोन्ही समाजांची भाषा एकच, किन्यारवांडा, एकाच टेकडीवर शेजारीशेजारी घरं, आपसात लग्नंसुद्धा व्हायची. राजा तुत्सी होता, उच्चनीच होतंच, पण गाईगुरं वाढली की हुतू घराणं हळूहळू तुत्सींत गणलं जायचं.

हा रस्ता बेल्जियमने बंद केला. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून देश त्यांच्या हातात आला, मग तुत्सी म्हणजे जन्मजात राज्यकर्ते असं ठरवून शाळा, नोकऱ्या, गावचा अधिकार सगळं त्यांनाच, आणि १९३३ च्या सुमाराला घरोघर ओळखपत्रं दिली ज्यावर हुतू, तुत्सी की त्वा (तिसरा, अगदी छोटा समाज) हे लिहिलेलं. बापाचं जे, तेच पोराचं, बदल नाही.

१९५९ ला हुतूंचा उठाव झाला तेव्हा याच बेल्जियमने बाजू बदलली, हजारो तुत्सी युगांडा-बुरुंडीत पळाले. १९६२ ला स्वातंत्र्य आलं तरी नव्या हुतू सरकारने ती कार्डं तशीच ठेवली, आता भरडले जायची पाळी तुत्सींची.

१९८९ ला कॉफीचे भाव कोसळले, शेतकरी बसला, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये त्या पळालेल्या तुत्सींच्या पोरांच्या आरपीएफ या सशस्त्र संघटनेने युगांडातून हल्ला केला. मग देशातला प्रत्येक तुत्सी फितूर ठरला. १९९३ ला कट्टर हुतूंचा आरटीएलएम रेडिओ सुरू झाला, मस्त गाणी, गप्पा, आणि मध्येमध्ये तुत्सींना ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळं म्हणायचं, तरुण पोरं तर ट्रान्झिस्टर कानाला लावूनच फिरायची.

६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमानांचं विमान पाडलं गेलं आणि काही तासांत राजधानी किगालीत हुतू सैनिकांचे आणि सशस्त्र तरुणांचे नाके लागले. नाक्यावर कार्ड मागायचे. तुत्सी लिहिलेलं दिसलं की तिथंच कोयता. साधारण शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं गेली, त्यात विरोध करणारे हुतूही होते.

आणि जगाला माहीत नव्हतं असं कोणी सांगू नये. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख दालेर यांनी जानेवारीतच लपवलेल्या शस्त्रांची खबर न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवलेली, छाप्याला परवानगी मिळाली नाही. ११ एप्रिलला किगालीतल्या एका शाळेत सुमारे २००० लोक आसऱ्याला होते, शांतिसेनेतले बेल्जियन सैनिक त्यांना तसंच सोडून निघाले आणि बहुतेक सगळे मारले गेले. दहा दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव केला, उरलेली शांतिसेना कमी करून २७० वर आणा.