खाली न टेकलेली रेषा

1920 साली न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरल्ड पार्डी यांनी एका रुग्णाचा ईसीजी छापून प्रसिद्ध केला. छातीत असह्य दुखायला लागून काही तास झालेले असताना काढलेला तो आलेख होता. निरोगी माणसाच्या आलेखात रेषा एक उंच सुळका चढते, सरळ खाली येते, जमिनीला टेकून थोडं अंतर सपाट चालते आणि मग एक बुटका, गोलसर उंचवटा चढून उतरते. पार्डींच्या कागदावर मात्र सुळका उतरणारी रेषा खाली टेकलीच नव्हती. अर्ध्या उतारावरूनच ती पुढच्या उंचवट्यात शिरली होती. पुढच्या काही दिवसांत काढलेल्या आलेखांत हा आकार बदलत गेला. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाल्याची ही खूण आहे, असं पार्डींनी लिहिलं. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या कोरोनरी वाहिन्या बांधून आलेखात होणारे बदल नोंदवले होते. माणसाच्या बाबतीत तेच दिसत होतं.

आज तालुक्याच्या ठिकाणीही ईसीजीचं मशीन असतं, आणि 'पट्टी काढून घ्या' हे वाक्य घरोघरी ऐकलेलं असतं. पण त्या गुलाबी चौकटींच्या कागदावरची रेषा वर का चढते, हे मात्र सहसा कुणी समजावून सांगत नाही. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. चढलेली रेषा ही मेलेल्या स्नायूची नसते. ती जखमी, पण अजून जिवंत असलेल्या स्नायूची असते.

आधी मशीनबद्दल थोडं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्थोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचा गॅल्व्हानोमीटर बनवला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली, चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्झची अतिशय बारीक तार, आणि हृदयाच्या विजेमुळे होणाऱ्या तिच्या हालचालीचा फोटो, अशी ती रचना होती. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात-पाय बुडवून बसे. रुग्णांना प्रयोगशाळेत आणणं जिकिरीचं होतं, म्हणून आइन्थोवन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून आलेख मागवले. आज ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर ईसीजीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो, त्याची ही पहिली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरंही आइन्थोवन यांनीच दिली. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं.

या अक्षरांचा अर्थ असा. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरणारी विजेची लाट. क्यू, आर आणि एस मिळून होणारा सुळका म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांत ती लाट पसरणं. टी म्हणजे तेच कप्पे पुन्हा पूर्वस्थितीला येणं. एस आणि टी यांच्या मधला सपाट तुकडा म्हणजे एसटी. त्या वेळी खालच्या कप्प्यांतल्या सगळ्या पेशी एकाच विद्युत अवस्थेत असतात. सगळीकडे सारखाच दाब असेल तर पाणी वाहत नाही. तसंच इथे, पेशीपेशींत फरक नसल्यामुळे प्रवाह नसतो आणि रेषा सपाट राहते. हृदय विसाव्यात असताना, म्हणजे टी संपल्यापासून पुढचा ठोका सुरू होईपर्यंतही, असाच फरक नसतो. म्हणून निरोगी आलेखात हे दोन्ही सपाट तुकडे जवळजवळ एकाच पातळीवर दिसतात.

आता कोरोनरी वाहिनीत गुठळी अडकली असं समजा. हृदयाचा स्नायू ऊर्जेचा साठा बाळगून नसतो. ती घडीघडीला तयार होते आणि घडीघडीला खर्च होते. रक्त थांबल्यावर काही ठोक्यांतच त्या भागाचं आकुंचन मंदावतं. पेशीच्या आत पोटॅशियम राखणारे पंप ऊर्जेअभावी ढेपाळतात. भरीस भर म्हणून, ऊर्जा कमी झाली की आपोआप उघडणारी पोटॅशियमची दारंही उघडतात. पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रक्ताचा प्रवाहच थांबलेला असल्यामुळे वाहून न जाता तिथेच साचतं. काही मिनिटांत पेशींच्या बाहेरचं त्याचं प्रमाण दुपटीपेक्षा जास्त होतं.

याचा परिणाम विसाव्याच्या वेळी दिसतो. निरोगी पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत साधारण उणे 90 मिलिव्होल्टवर असतो. जखमी पेशीला तेवढं अंतर राखता येत नाही आणि ती उणे 60 च्या आसपास घसरते. म्हणजे हृदय विसाव्यात असतानाही दोन शेजाऱ्यांमध्ये व्होल्टेजचा फरक राहतो, आणि जिथे फरक आहे तिथे प्रवाह वाहतोच. याला इजेचा प्रवाह म्हणतात. जखमी भागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला विसाव्याची रेषा खाली गेलेली दिसायला हवी.

कागदावर मात्र ती खाली दिसत नाही, वर दिसते. याचं कारण यंत्राच्या रचनेत आहे. श्वास, घाम, त्वचेचा संपर्क यांमुळे रेषा सतत सरकू नये म्हणून ईसीजीचं मशीन स्थिर व्होल्टेज गाळून टाकतं. खरं शून्य कुठे आहे हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे विसाव्याच्या पातळीलाच आपण शून्य मानतो. घराची जमीन हातभर खचली आणि तिच्यावर उभं राहून भिंतीतल्या फळीकडे पाहिलं, तर फळी हातभर वर गेलेली वाटेल. तसंच इथे होतं. विसाव्याची जमीन खचलेली असते. ठोक्याच्या मधोमध जेव्हा सगळ्या पेशी पेटलेल्या असतात तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणि एसटीचा तुकडा होता तिथेच असूनही उचलला गेल्यासारखा दिसतो. फळीही थोडी सरकलेली असते, हेही खरं. जखमी पेशीचा विद्युत आवेग बुटका आणि आखूड होतो, त्यामुळे एसटीच्या वेळीही काही प्रवाह वाहतो आणि तो खराच रेषेला वर ढकलतो. म्हणजे कागदावर दिसणारी चढण या दोन्हींची बेरीज असते.

ही मांडणी तपासायची कशी, हा प्रश्न बराच काळ होता, कारण त्वचेवरून स्थिर प्रवाह विश्वासाने मोजता येत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड कोहेन यांनी वेगळी वाट धरली. प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र येतंच, आणि ते शरीराला स्पर्श न करता मोजता येतं. हृदयाचं क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत इतकं क्षीण असतं, की त्यासाठी त्यांनी बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली बांधली. कुत्र्याची कोरोनरी वाहिनी बंद केल्यावर विसाव्याची पातळी खरोखरच सरकते आणि एसटीच्या चढणीत तिचा मोठा वाटा असतो, हे त्यातून दिसलं. दृश्य एक आणि त्यामागचं कारण नेमकं उलट, असं वैद्यकात फार थोड्या ठिकाणी इतकं स्वच्छ पाहायला मिळतं.

इजा किती खोल आहे, हेही आलेखात उमटतं. हृदयाच्या भिंतीला रक्त बाहेरून आत जातं. त्यामुळे पुरवठा कमी पडला की सगळ्यात आधी आतला थर उपाशी राहतो, जसं कालव्याच्या टोकाकडच्या शेताला पाणी पोचत नाही. वाहिनी अरुंद झाली पण पूर्ण बंद नाही, अशा वेळी इजा बहुधा आतल्या थरापुरती असते आणि एसटी खाली दबतो. वाहिनी पूर्ण बंद होऊन भिंत आरपार जखमी झाली की तो चढतो. त्याआधीही, अगदी पहिल्या काही मिनिटांत, टी लाट नेहमीपेक्षा उंच आणि रुंद होते. ही अवस्था क्षणभंगुर असते आणि रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत बहुधा निघून गेलेली असते.

कोणत्या बाजूची वाहिनी, हे लीड, म्हणजे हृदयाकडे पाहण्याचे वेगवेगळे कोन, सांगतात. दहा वायरींतून हृदयाकडे बारा कोनांतून पाहता येतं. छातीवरच्या व्ही-1 ते व्ही-4 मध्ये चढण दिसली तर हृदयाची पुढची भिंत, म्हणजे बहुतेक वेळा डाव्या बाजूने पुढे उतरणारी वाहिनी. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसली तर खालची भिंत, जिथे बहुतेक लोकांत उजवी वाहिनी रक्त पोचवते. मागच्या भिंतीवर नेहमीच्या ईसीजीत एकही वायर नसते. तिथली इजा समोरच्या लीडमध्ये उलटी, म्हणजे एसटी दबल्यासारखी दिसते. जुने डॉक्टर अशा वेळी कागद उलटा धरून उजेडाकडे मागच्या बाजूने पाहत. दबलेली रेषा मग चढलेली दिसे आणि संशय पक्का होई. मग पाठीवर वायरी लावून खात्री करून घ्यायची. मला ही युक्ती फार आवडते. भूमिती समजलेल्या माणसालाच ती सुचू शकते.

किती चढण म्हणजे चढण? कागदावरची लहान चौकट एक मिलिमीटरची असते. उभी मोजली तर 0.1 मिलिव्होल्ट, आडवी मोजली तर 0.04 सेकंद. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एक मिलिमीटरची चढण पुरेशी मानतात. व्ही-2 आणि व्ही-3 मध्ये निरोगी लोकांतही रेषा थोडी वर असते, म्हणून तिथली मर्यादा जास्त आहे: चाळिशीपुढच्या पुरुषांत 2, त्याहून तरुण पुरुषांत अडीच आणि स्त्रियांत दीड मिलिमीटर. ज्या रेषेवर माणसाचं आयुष्य बेतलेलं असतं ती दोन मिलिमीटरनं ठरते. म्हणून छातीवरची वायर एक फासळी वर लागली तरी चालेल, असं मुळीच नाही.

वाहिनी बंदच राहिली तर पुढचं प्रकरण सुरू होतं. अमेरिकेतले रायमर आणि जेनिंग्ज यांनी 1977 साली कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाहिनी 40 मिनिटं बांधून सोडली तर धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सुमारे 38 टक्के मेला. तीन तासांनी 57, सहा तासांनी 71, आणि 24 तासांनी 85 टक्के. मृत्यू आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो, हे त्यांनी दाखवलं. माणसाचं वेळापत्रक तंतोतंत असंच असतं असं नाही, पण दिशा हीच. इजा आणि मृत्यू यांच्यामध्ये तासांचं अंतर आहे, आणि चढलेला एसटी हे त्या अंतरातलं चित्र आहे.

मेलेला स्नायू वीज निर्माण करत नाही. त्याच्यावरच्या इलेक्ट्रोडला मग समोरच्या भिंतीतली, आपल्यापासून दूर जाणारी लाट तेवढी दिसते. खिडकीतून पलीकडचं अंगण दिसावं तशी. दूर जाणारी लाट कागदावर खाली उतरते, आणि सुळक्याच्या सुरुवातीला एक खोल, रुंद क्यू तयार होतो. एसटी काही दिवसांत खाली येतो, टी लाट उलटी होते, क्यू मात्र अनेकदा जन्मभर राहतो. मधुमेह असलेल्या एखाद्या माणसाचा डोळ्याच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढतात आणि 'तुम्हाला कधी अटॅक येऊन गेलाय का' असं विचारतात, तेव्हा तो क्यूच बोलत असतो. त्या माणसाला मात्र एका रात्रीचं 'पित्त' तेवढं आठवतं.

रेषा चढली म्हणजे वाहिनी बंदच, असंही नाही. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर जवळजवळ सगळ्याच लीडमध्ये एसटी उचलला जातो. अनेक निरोगी तरुणांत तो मुळातच थोडा वर असतो. उलट बाजूची चूक जास्त घातक आहे. ज्यांच्या ईसीजीत चढण दिसत नाही पण रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढलेलं असतं, अशा रुग्णांची अँजिओग्राफी केल्यावर सुमारे चौथ्या भागात वाहिनी पूर्ण बंद सापडते. ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा तुकडा. गुठळी थोडी सरकून वाट मोकळी झालेली असताना तो काढला गेला तर तो साफ नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिनही रक्तात दिसायला काही तास लागतात. म्हणून दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पट्टी पुन्हा काढायची असते. 'ईसीजी नॉर्मल आला, गॅस असेल' म्हणून घरी परतणाऱ्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

रुग्ण डॉक्टरांसमोर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा जगभरचा नियम आहे. आपल्याकडची अडचण त्याआधीची आहे. भारतातल्या 50 शहरांतल्या 89 केंद्रांमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या साठ टक्के रुग्णांचा एसटी चढलेला होता. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ, म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याहून जास्त लागला तो वेळ, होता 360 मिनिटं. सहा तास. कुत्र्यांवरच्या प्रयोगातला 71 टक्क्यांचा आकडा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. हे सहा तास फक्त रस्त्यात जात नाहीत. सोडा पिऊन पाहण्यात, छाती शेकण्यात, सकाळ होण्याची वाट बघण्यात आणि 'पोरांना कशाला उठवायचं' या विचारात त्यातले बरेच जातात.

पार्डींच्या काळी निदान झालं तरी अंथरुणावर पडून राहण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. आता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय असलेली खोली, जवळ असेल तर फुगा घालून वाहिनी उघडता येते. इंजेक्शन दिल्यानंतर साठ ते नव्वद मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून, ज्या लीडमध्ये रेषा सगळ्यात उंच होती तिथल्या चौकटी मोजतात. चढण निम्म्याहून जास्त उतरलेली असेल, तर रक्त पुन्हा वाहू लागल्याचं मानतात. उतरली नसेल, तर रुग्णवाहिका तिथूनच कॅथलॅबच्या रुग्णालयाकडे निघते, आणि दोन्ही कागद रुग्णाबरोबर जातात.