‘सरकलेला मणका’ आणि ‘सरकलेली गादी’: कायरोप्रॅक्टिकमागची पार्श्वभूमी

पाठदुखीसाठी किंवा सायटिकासाठी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जाणाऱ्यांच्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास येतात. एक म्हणजे ‘मणका सरकला आहे’ आणि दुसरे ‘गादी सरकली आहे’. दोन्हींत क्रियापद एकच असल्यामुळे दुखणेही एकच असावे आणि सरकलेली वस्तू दाबून जागेवर बसवता यावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन कल्पनांच्या जन्मात जवळपास चाळीस वर्षांचे अंतर आहे.

पहिली कल्पना १८९५ सालची. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी चुंबकीय उपचार करणाऱ्या एका गृहस्थाने जवळजवळ बहिऱ्या असलेल्या सफाई कामगाराच्या पाठीतला उंचवटा दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी या पद्धतीची उगमकथा आहे. खरे-खोटे काहीही असो, कथेत पाठदुखी नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शंभरातले पंच्याण्णव आजार मणके जागचे हलल्याने होतात, असा संस्थापकाचा दावा होता. या हलण्याला ‘सब्लक्सेशन’ हे नाव मिळाले. वैद्यकात हा शब्द सांधा अर्धवट निखळण्यासाठी आधीपासून रूढ होता. नव्या पंथाने तो घेतला खरा, पण त्याचा अर्थ इतका सैल केला की पुढचे शतकभर त्यावर वाद होत राहिला.

गादीची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीची, गोष्ट बरीच नंतरची. मज्जारज्जूजवळ सापडणारे कूर्चेसारखे तुकडे पूर्वी गाठी समजून काढले जात. हे तुकडे फाटलेल्या चकतीतून बाहेर आलेले असतात आणि पायात उतरणारी कळ त्यांच्या दाबामुळे येते, हे १९३४ मध्ये बॉस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी मांडले. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, त्यामुळे ती सरकत नाही. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर त्या वाटेने फुगतो किंवा बाहेर येतो. साध्या एक्स-रेत हे काहीच दिसत नाही, कारण चकती त्या चित्रात उमटतच नाही. दिसते ती दोन मणक्यांमधली मोकळी जागा. ‘मणक्यांत गॅप आहे’ हे आपल्याकडचे वाक्य तिथूनच आले असावे, आणि ते उलटे आहे, कारण चकती झिजते तेव्हा ती जागा वाढत नाही, कमी होते.

या दोन कल्पनांचा खरा गुंता झाला तो १९७२ च्या निर्णयाने. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत कायरोप्रॅक्टिकचा समावेश करू नये, अशी शिफारस १९६८ च्या शासकीय अहवालाने केली होती. तरीही संसदेने समावेश केला, मात्र विचित्र अटीवर: एक्स-रेत दिसून येणारे सब्लक्सेशन दुरुस्त करण्यासाठी हाताने केलेल्या उपचाराचेच पैसे मिळतील. म्हणजे रुग्ण कंबरदुखी घेऊन आला, तपासणीत नस दबल्याची लक्षणे दिसली, तरी कागदावर कारण लिहायचे ते सब्लक्सेशन, आणि पुरावा म्हणून जोडायचा तो एक्स-रे, ज्यात दुखण्याचे संभाव्य मूळ असलेली चकती दिसूच शकत नाही. त्यातही कायरोप्रॅक्टरने स्वतः काढलेल्या एक्स-रेचा खर्च योजना देत नव्हती. या अटीमागे खर्चाला लगाम घालण्याचा हेतू होता, असे तिचे समर्थक म्हणू शकतात. पण माझ्या मते तिने मोठे नुकसान केले. व्यवसायातले जे लोक संस्थापकाचा सिद्धांत मागे टाकून केवळ पाठीच्या दुखण्यापुरते काम करू पाहत होते, त्यांनाही उपजीविकेसाठी तोच शब्द लिहिणे भाग पडले, आणि निदानपत्रावर तो वाचणाऱ्या रुग्णाला आपला मणका खरोखरच जागचा हलला आहे असे वाटत राहिले. एक्स-रेची सक्ती २००० साली उठली आणि प्रत्यक्ष तपासणी पुरेशी ठरली. शब्द मात्र राहिला.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर घातलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल शिकागोच्या न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. तो निकाल मक्तेदारीविरोधी कायद्यावरचा होता, उपचाराच्या शास्त्रीयतेवरचा नव्हे. १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत निदान एक चकती फुगलेली आढळली, त्यामुळे अहवालातला ‘बल्ज’ हेच दुखण्याचे कारण असे मानणे अवघड झाले. त्याच वर्षीच्या अमेरिकी शासकीय मार्गदर्शिकेने नस दबल्याची चिन्हे नसलेल्या ताज्या कंबरदुखीत, पहिल्या महिन्यात, हाताने केलेले मणक्याचे उपचार उपयोगी ठरू शकतात असे सांगितले. नस दबलेल्यांसाठी पुरावा अपुरा ठरवला. म्हणजे गादीचा त्रास असलेला रुग्ण त्या शिफारशीच्या बाहेरच राहिला. २०१७ मध्ये अमेरिकी फिजिशियनांच्या शिफारशींतही कंबरदुखीच्या औषधाविना उपायांत हा उपचार आला, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याच्या नोंदीसह.

चकतीच्या रुग्णांसाठी अनेक कायरोप्रॅक्टर झटका न देता दुभंगत्या टेबलावर पालथे झोपवून कंबर हळूहळू वाकवण्याची आणि ताणण्याची पद्धत वापरतात. झटक्याच्या उपचारात येणारा ‘कट्’ आवाज मणक्यामागच्या छोट्या सांध्यांतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी जोडला जातो. गादी आत गेल्याची ती खूण नव्हे. बाहेर आलेला गर पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेते, आणि त्यामुळे आराम उपचाराने पडला की काळाने, हे एकेका रुग्णात सांगता येत नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे असतील तर टेबलावर झोपणे धोक्याचे आहे. तिथे तातडीने रुग्णालयच गाठावे लागते.

ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक संस्थेने २०१० मध्ये सब्लक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना असल्याचे आणि ती रोगाचे कारण असल्याच्या दाव्याला वैद्यकीय संशोधनाचा आधार नसल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या मेडिकेअर कायद्यात मात्र १९७२ चा तो शब्द अजून कायम आहे.