पार्श्वभूमी : उजनीच्या काठावर ‘तर’, होडी आणि इंजिन

मुंबई प्रांतात १८६८ साली ‘तरी’, म्हणजे होडीने नदी ओलांडायच्या जागा, आणि अंतर्गत जलवाहतूक यांचा कायदा झाला. त्याचा भर तरीच्या मक्त्यावर, लिलावावर आणि उतारूंकडून घ्यायच्या दरावर होता. तर म्हणजे नदीतली ठरलेली जागा. उतार, खोली आणि ओढ नावाड्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असायची. ही माहिती धरणाने मोडली.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जिथे नदी ओलांडायची होती तिथे जलाशय पसरला आणि करमाळ्याच्या काठावरून इंदापूरच्या काठाला जायला रस्त्याने मोठा वळसा पडू लागला. म्हणून बोट आली. पण धक्का कुठे बांधायचा? भरलेल्या धरणासाठी बांधलेला काँक्रीटचा उतार उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि पाणी खाली सरकल्यावर चढणं-उतरणं काळ्या गाळात होतं. बोटीचं पुढचं टोक चिखलात घुसवून माणसं चढतात. टोक टेकलेलं आणि मागची बाजू तरंगती असली की बोट एका अंगाला सहज झुकते. त्यातच सगळे एकाच कडेने चढले तर उलटायला वारा लागत नाही. म्हणून एकेक माणूस, मधोमध पाय ठेवून, लगेच खाली बसणारा, आणि तोवर इंजिन बंद. मोटारसायकल चढवली तर तिचे सव्वाशे किलो म्हणजे जवळपास दोन माणसांचा भार, तोही उंचावर. ती मधोमध ठेवून दोरीने बांधावी लागते, नुसतं स्टँड पुरत नाही.

आता खरा गुंता. ‘यांत्रिक शक्तीवर चालणारी नौका’ कोणती? अंतर्देशीय नौकांचा १९१७ चा केंद्रीय कायदा मुळात वाफेच्या बोटींसाठी होता. पुढे त्याची व्याप्ती इतर यांत्रिक नौकांपर्यंत वाढली, तरी नोंदणी, तपासणी आणि चालकाचा परवाना हे सगळं यांत्रिक नौकांपुरतंच राहिलं. वल्ह्यांची होडी बाहेरच. आणि मागच्या फळीला बाहेरून इंजिन लटकवलेली होडी? त्या कायद्याच्या व्याख्येत ‘पूर्णतः किंवा अंशतः’ असे शब्द असल्याने इंजिन लावताच ती यांत्रिक ठरायची. व्यवहारात मात्र इंजिन काढून घरी नेता येतं, आणि काठावर उरते ती साधी होडी. ही पळवाट लहान नाही. वल्ह्यांसाठी बांधलेल्या होडीच्या मागच्या टोकावर इंजिनाचं वजन आलं की तिथली होडीची कड पाण्याजवळ येते, आणि वेग कमी करताच स्वतःच्याच मागून आलेली लाट आत शिरते. मासेमारीच्या होडीचंही तसंच. जाळं ओढायला सोपं जावं म्हणून तिची कड मुळातच बुटकी असते.

आत आलेलं पाणी निरुपद्रवी वाटतं, पण हिशेब करून पाहा. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद, सपाट तळाच्या बोटीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ९०० किलो. बोट कलली की हे सगळं वजन त्याच बाजूला धावतं. निघण्याआधी तळ उपसायचा तो यासाठी.

२०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने १९१७ चा कायदा बाजूला केला आणि बिगरयांत्रिक नौकांच्या नोंदीलाही जागा दिली. ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याचीही मुभा त्यात आहे. हा निर्णय योग्यच, फक्त फार उशिरा आला.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण दगावले, एक जण पोहून काठाला लागला. सात माणसं म्हणजे गर्दी नव्हे. फक्त ‘क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी’ मोजणारी चर्चा इथे अपुरी पडते. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो, आणि रुंद जलाशयावर तो अडत नाही. अशा वेळी घाईने परत वळणं सर्वांत धोक्याचं, कारण वळताना बोट लाटेला आडवी येते. टोक वाऱ्याकडे धरून, वेग कमी ठेवून, सगळ्यांनी तळावर बसायचं असतं. लाईफ जॅकेट बोटीत चढण्याआधीच अंगात हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर राहतं आणि मूल खालून निसटतं. मुलांसाठी जॅकेट वजनानुसारच घ्यावं लागतं.