बत्तीस बोअरच्या स्वस्त पिस्तुलात काडतूस का अडकते : पार्श्वभूमी

कोकणात परवान्याचे शस्त्र म्हटले की बहुधा शेतसंरक्षणाची बंदूक, वांदर आणि डुकरांसाठी घेतलेली. बारा बोअरची असली तर नळी मोडायची, काडतूस हाताने घालायचे, नळी मिटायची. काडतूस आपोआप चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, चढण्याचा भागच तिच्यात नाही. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी .३२ चे, म्हणजे बत्तीस बोअरचे, पिस्तूल घरात आले आणि ते अडकू लागले, की दोष सरळ कारखान्याच्या माथी जातो. कारखाना कधीकधी खरेच जबाबदार असतो. पण या दुखण्याचे मूळ पिस्तुलाहून जुने आहे, ते काडतुसाच्या बुडाशी आहे.

.३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी ब्राउनिंग, हे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी केले आणि १८९९ मध्ये ते बाजारात आले. तेव्हा बुडाला रुंद कड असलेल्या, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचा जमाना होता. ब्राउनिंग यांनी कड पुरती काढली नाही, फक्त लहान केली. बुडाजवळ काडतुसाचा व्यास साधारण ८.५ मिमी, कडेचा ९.१. म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरच्या आसपास कड बाहेर राहते आणि चेंबरात काडतूस किती आत जायचे हे तीच ठरवते. पुढे १९०५ च्या .४५ आणि १९०८ च्या .३८० मध्ये ब्राउनिंग यांनी ही कड काढून टाकली. बत्तीसमध्ये ती राहून गेली.

मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीत, एकावर एक रचलेल्या काडतुसांत ही कड त्रास देते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ते सुखाने पुढे ढकलते. ती मागे गेली तर दोन्ही कडा एकमेकींत गुंततात, काडतूस हलत नाही आणि स्लाइड अर्ध्यात उभी राहते. याला रिमलॉक म्हणतात. पूर्ण लांबीचे, गोल टोकाच्या, ७१ ग्रेन वजनाच्या गोळीचे काडतूस कमाल २५ मिमी लांब असते. मॅगझिन त्याच मापाचे असले तर काडतुसाला मागेपुढे सरकायला जागा उरत नाही, आणि जागा नाही तर रिमलॉकही नाही. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या तेव्हा ती जागा तयार झाली. अमेरिकेत १९९९ च्या सुमाराला आलेल्या केल-टेक पी-३२ या हलक्या, स्वस्त पिस्तुलाचे हे दुखणे गाजले. मॅगझिनमध्ये पातळ पट्टी घालून मोकळी जागा भरणे हा त्यावरचा उपाय.

स्वस्त पिस्तूल आणि मॅगझिन यांचे वैर मात्र पहिल्या महायुद्धाइतके जुने आहे. फ्रान्सला पिस्तुले कमी पडली तेव्हा स्पेनमधल्या एईबार परिसरातल्या अनेक कारखान्यांनी ‘रुबी’ जातीची .३२ पिस्तुले लाखोंनी बनवून दिली. बाहेरून सगळी सारखी, पण एका कारखान्याचे मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात नीट बसेलच असे नव्हते. पुढे १९६८ च्या अमेरिकी कायद्याने छोट्या स्वस्त पिस्तुलांची आयात आवळली. मग लॉस एंजेलिसच्या आसपास जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव पिस्तुले निघू लागली. रेव्हन, जेनिंग्ज, डेव्हिस ही त्यांतली नावे. पैसा वाचवायचा तो पत्र्याच्या मॅगझिनवर आणि काडतूस ज्यावरून चढते त्या उतारावर, ही रीत तेव्हापासून पक्की झाली.

आपल्याकडे बत्तीस टिकले ते कायद्यामुळे. ९ मिमी हा निषिद्ध बोअर, त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या पिस्तुलाला .३२ हाच नेहमीचा पर्याय. ऐंशीच्या दशकात आयात आवळली गेल्यावर जुन्या वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंगच्या किमती आभाळाला भिडल्या. त्यांच्या मानाने परवडणारे म्हणजे कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीचे ‘अशनी’. काडतुसे बहुतेक खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ शिक्का असलेली. परवान्यावर नुसते ‘.३२’ लिहिलेले असू शकते, म्हणून दुकानात काडतूस पिस्तुलाचे की रिव्हॉल्व्हरचे हे स्पष्ट सांगावे. रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग हे वेगळे, पूर्ण कडेचे आणि लांब काडतूस आहे.

खडकीचे काडतूस पूर्ण लांबीचे असूनही रिमलॉक होतो, तो का? मुख्य कारण आपली काटकसर. काडतुसे मोजकी, म्हणून रात्री चेंबरात चढवलेले वरचे काडतूस सकाळी काढायचे आणि पुन्हा तेच वर भरायचे. दरवेळी गोळीचे टोक उतारावर आपटते आणि गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, थोडी आत बसते. काडतूस आखूड होते आणि बार उडतानाचा दाबही धोकादायक वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून पाहावे. डोळ्याला आखूड दिसले तर ते वापरातून बाद, विक्रेत्याकडे द्यावे. भरताना प्रत्येक काडतूस मॅगझिनच्या ओठांखालून (तोंडाशी आत वळलेल्या पत्र्याखालून) पार मागे सरकवावे आणि शेवटी मॅगझिनची पाठ तळहातावर हलकी आपटावी. रिमलॉक झालाच तर आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामे आहे हे डोळ्याने आणि बोटाने पाहावे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाला जोर लावू नये. लाकडी काडीने खालचे काडतूस दाबून धरले की वरचे सुटते. बुडाला लोखंडी काही लावू नये, तिथे टोपी, म्हणजे आघाताने पेटणारा भाग, असते.

गोळीचे नाक खाली जाऊन उतारावर थडकत असेल तर मॅगझिनचे स्प्रिंग बघावे. साफसफाईनंतर ते उलटे बसवले जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. बहुतेक मॅगझिनांत स्प्रिंगचे उंच टोक पुढे, गोळीच्या नाकाच्या बाजूला येते. स्लाइड काडतुसावरून नुसती सरकून गेली तर मॅगझिनचे स्प्रिंग थकलेले, मॅगझिन आत मळलेले किंवा खिटीत नीट न बसलेले. रिकामे केस बाहेर पडताना अडकते ते चढण्याचे दुखणे नव्हे. तिथे काडतूस कमजोर, मनगट सैल किंवा एक्स्ट्रॅक्टर (रिकामे केस ओढून काढणारा आकडा) मळलेला. दोन मॅगझिने असतील तर त्यांवर १ आणि २ लिहून ठेवावे. रेंजवर एकच सारखे अडकत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. ओठ पक्कडीने वाकवणे किंवा उतार कानशीने घासणे मालकाने करू नये. उताराचा कोन बदलला तर केसचा आधार जातो, शिवाय दुरुस्तीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. ते काम परवानाधारक आर्मररचे.

राहिली खारी हवा. बंदुकीला भरपूर तेल चोपडून ती गवसणीत ठेवायची, ही सवय पिस्तुलाला घातक. मॅगझिनमधल्या तेलाला धूळ चिकटते आणि ते टोपीत उतरले तर बार फुसका जातो. खोबरेल तर नकोच. ते पंचवीस अंशांखाली गोठते आणि जुने झाले की चिकट, आंबट होऊन पितळेवर हिरवा थर आणते. चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या काडतुसांवरही तोच थर येतो आणि असे काडतूस चेंबरात पूर्ण जात नाही, स्लाइड काही मिलिमीटर उघडी राहते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरवड्याला एकदा मॅगझिनचे बूड काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावे. बाहेरून रंगून ऑइलचा किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात पुरे. पिस्तूल चामड्याबाहेर, कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करावे लागले तर ते कित्येक आठवडे तिथेच राहते. देण्याआधी बाहेरून तेलाचा हात द्यावा, पाकीट घरी ठेवावे. परत आल्यावर पहिल्यांदा मॅगझिन रिकामे असताना त्यातला फॉलोअर, म्हणजे काडतुसांना वर ढकलणारा भाग, बोटाने खाली दाबून सोडावा. तो अडखळत वर आला तर आत गंज धरला आहे, आणि तो काढल्याशिवाय त्यात काडतूस भरू नये.