‘रेगन डेमोक्रॅट’ म्हणजे नक्की कोण? मॅकोम काउंटीची पार्श्वभूमी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की कॅमेरे मिशिगनमधल्या मॅकोम काउंटीत, म्हणजे डेट्रॉईटला लागून असलेल्या जिल्ह्यात, येतातच. डायनरमध्ये बसलेला साठीपुढचा गोरा माणूस, डोक्यावर टोपी, समोर कॉफी, आणि तो सांगतो की वडील आयुष्यभर डेमोक्रॅट होते, मी नाहीये. अशांना ‘रेगन डेमोक्रॅट’ म्हणतात. मी ह्या भागात बारा वर्षं काढली. पुण्याहून गाड्यांच्या धंद्यात आलेले आपले कितीतरी लोक ट्रॉय, नोव्हाय, स्टर्लिंग हाइट्स ह्या पट्ट्यात राहतात आणि घरून फोन आला की ठरलेला प्रश्न असतो, तुमच्याकडे हवा कुणाची आहे? मला ह्याचं एका वाक्यात उत्तर कधीच देता आलं नाही, कारण इथे एका गल्लीत चार घरं असली तर चार कारणं निघतात. ती कुठून आली हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

आधी भूगोल. डेट्रॉईटची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड. रस्ता ओलांडला की वॉरन, म्हणजे मॅकोम सुरू, मग नाइन माइल, टेन माइल असं करत फोर्टीन माइलच्या पुढे स्टर्लिंग हाइट्स. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातले गोरे कामगार डेट्रॉईट सोडून इकडे आले, छोटी विटांची घरं घेतली, आणि जवळपास सगळे युनियनचे म्हणून सगळे डेमोक्रॅट. 1960 मध्ये ह्या काउंटीने डेमोक्रॅट उमेदवाराला 63 टक्के मतं दिली. 1984 मध्ये ह्याच काउंटीने दोन तृतीयांशच्या आसपास मतं रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगनना दिली. मधल्या चोवीस वर्षांत काय झालं ह्यावरच आजवर भांडण चालू आहे.

बहुतेक लोक कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या इथून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात शाळेपासून करायला पाहिजे. जुलै 1967 मध्ये डेट्रॉईटमध्ये दंगल झाली, 43 माणसं गेली, आणि शहर सोडून जाणाऱ्या गोऱ्यांचा वेग आणखी वाढला. वॉरनची लोकसंख्या 1970 मध्ये पावणेदोन लाखांच्या वर होती आणि त्यात काळी कुटुंबं अगदी मूठभर. त्याच वर्षी डेट्रॉईटमधल्या पालकांच्या बाजूने फेडरल कोर्टात केस गेली की शहरातल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं आणि पुढे म्हटलं की शहरात आता गोरी मुलं उरलीच किती, तेव्हा आजूबाजूची 53 उपनगरी शाळा-मंडळंही योजनेत घ्या आणि मुलांची बसने अदलाबदल करा. म्हणजे वॉरनच्या सहा-सात वर्षांच्या पोराने सकाळी बसमध्ये बसून एट माइलच्या पलीकडे जायचं आणि तिकडच्या पोराने इकडे यायचं. ह्यालाच ‘बसिंग’ म्हणायचे. योजनेच्या कक्षेत जवळपास 7 लाख 80 हजार मुलं येत होती.

आज नुसतं वाचून त्या वेळचा संताप कळत नाही. ऑगस्ट 1971 मध्ये शेजारच्या ओकलंड काउंटीत पॉन्टियाक गावात दहा स्कूल बस डायनामाइट लावून उडवल्या, त्या रिकाम्या उभ्या होत्या म्हणून जीव वाचले. मे 1972 मध्ये डेमोक्रॅट पक्षाची मिशिगन प्रायमरी, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, जिंकली ती दक्षिणेतल्या एका वर्णभेदवादी गव्हर्नरने, तीसुद्धा त्याला गोळ्या लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. युनियनचे नेते त्याच्या विरोधात होते तरी.

मग 25 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्यांना योजनेत ओढता येणार नाही. ह्या निकालावर अजून दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, स्थानिक शाळा स्थानिक लोकांच्या हातात राहिल्या, दोष नसताना शिक्षा कशाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरं कुणाला विकायची आणि कुणाला कर्ज द्यायचं हे ठरवूनच ती उपनगरं गोरी झाली होती, मग एट माइलच्या रेषेला कोर्टाने पवित्र मानायचं कारण काय. मला दुसरं जास्त पटतं, आणि ह्यात डेट्रॉईटच्या मुलांचं नुकसान झालं ते आजपर्यंत भरून आलेलं नाही. पण मतदारांपुरतं बोलायचं तर वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे: निकाल मॅकोमच्या बाजूने लागला, एकही बस आली नाही, तरी राग राहिलाच. आपल्या पक्षाने आपल्याला न विचारता आपली मुलं पणाला लावली, ही भावना घरात बसली ती बसलीच.

त्यावर तेलाचं संकट, जपानी गाड्या, ले-ऑफ. 1982 च्या शेवटी मिशिगनमधली बेकारी 16 टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हा अध्यक्ष रिपब्लिकनच होते आणि दोन वर्षांनी मॅकोमने त्यांनाच भरभरून मतं दिली, म्हणून नुसत्या नोकऱ्यांचा हिशोब मला पुरेसा वाटत नाही.

आता तो शब्द. आपला डेमोक्रॅट पक्ष सोडून 1980 आणि 1984 मध्ये रिपब्लिकन रेगनना मत देणाऱ्यांना ‘रेगन डेमोक्रॅट’ नाव पडलं. 1985 मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांनी एका पोलस्टरला, म्हणजे मतदारांचा कौल अभ्यासणाऱ्याला, मॅकोममध्ये पाठवलं, त्याने अशा मतदारांचे छोटे गट खोलीत बसवून बोलतं केलं. त्यांना पक्षाच्या एका दिवंगत, लाडक्या नेत्याचं वाक्य वाचून दाखवलं, काळ्या नागरिकांप्रती आपलं देणं लागतं अशा अर्थाचं, तर खोलीतली माणसं भडकली. त्या अहवालातून हा शब्द राष्ट्रीय झाला आणि मॅकोमला कायमचा चिकटला.

गोंधळ इथेच आहे. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहायचाच नसतो, त्यामुळे कोण कधी डेमोक्रॅट ‘होता’ हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाही. देशभरातल्या युनियनवाल्या घरांनी 1984 मध्येही निम्म्याहून थोडी जास्त मतं डेमोक्रॅटलाच दिली होती, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. शिवाय ह्या एका शब्दात बसिंगवाले, बंदूकवाले, गर्भपाताला विरोध करणारे कॅथलिक आणि टॅक्स जास्त म्हणणारे, सगळे कोंबले. 2008 मध्ये मॅकोमने पहिल्या काळ्या राष्ट्राध्यक्षाला मत दिलं तेव्हा त्याच पोलस्टरने रेगन डेमोक्रॅटना जाहीर निरोप दिला. 2012 लाही काउंटी तिकडेच. 2016 ला रिपब्लिकन उमेदवार इथून सुमारे 48 हजारांनी पुढे राहिला आणि पूर्ण मिशिगन फक्त 10,704 मतांनी जिंकला, मग तो शब्द परत बाहेर काढला. पण 1984 ला चाळिशीत असलेला कामगार 2016 ला बहात्तर वर्षांचा, असला तर. शब्द तोच राहिला, माणसं बदलली.

किती बदलली ते पाहायचं तर स्टर्लिंग हाइट्सच्या खाल्डियन लोकांकडे बघावं, म्हणजे इराकमधून आलेले ख्रिश्चन. दुकानं, पेट्रोल पंप, बेकऱ्या, चर्च. 2016 ला त्यांच्यातल्या पुष्कळांनी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं, इराकमधल्या ख्रिश्चनांना वाचवतील म्हणून. जून 2017 मध्ये डेट्रॉईट परिसरात एका रविवारी शंभराच्या वर इराकी लोकांना हद्दपारीसाठी पकडलं, बहुतेक खाल्डियन, काहींचे गुन्हे वीस-तीस वर्षांपूर्वीचे. मी ज्या बेकरीतून ब्रेड आणायचो तिथे काउंटरवर दोघे भाऊ उभे असायचे. एकाचं म्हणणं कायदा म्हणजे कायदा, दुसरा त्या आठवड्यात त्याच्याशी बोलत नव्हता. पुढच्या निवडणुकीत एकाच घरातून दोन वेगळी मतं गेली असं त्यांनीच मोठ्याने मला सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर.

नोकऱ्यांचा भाग मी कमी लेखत नाही. मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा व्यापार करार जानेवारी 1994 पासून लागू झाला, तो लागू करणाऱ्या कायद्यावर सही डेमोक्रॅट अध्यक्षाची, आणि इथल्या निवृत्त कामगाराला ती तारीख अजून टोचते. 2009 मध्ये डेट्रॉईटच्या तीन मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांपैकी दोन दिवाळखोरीत गेल्या, सरकारने पैसा घालून वाचवल्या, स्टर्लिंग हाइट्सचा असेंब्ली प्लांट बंद होणार म्हणून जाहीर झालेला तो टिकला, आज तिथे पिकअप बनतात. सप्टेंबर 2023 मध्ये तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप झाला, असं आधी कधीच झालं नव्हतं. 26 तारखेला पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष वेन काउंटीत, म्हणजे डेट्रॉईटच्या काउंटीत, भोंगा हातात घेऊन संपकऱ्यांच्या पिकेटवर, म्हणजे कारखान्याबाहेरच्या धरण्यावर, उभा राहिला. 27 ला त्याचा प्रतिस्पर्धी मॅकोममध्ये आला, तो सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, जिथे युनियन नव्हती. दोघेही कामगारांसाठीच आलो म्हणत होते. माझ्या शेजारचे आजोबा, तीस वर्षं लाइनवर काम केलेले, दोन्ही भाषणं टीव्हीवर पूर्ण ऐकून म्हणाले की पहिला आमच्यासाठी आला, पण दुसरा आमच्यासारखं बोलतो.

2024 ला काउंटी पुन्हा रिपब्लिकन, आधीपेक्षा मोठ्या फरकाने. पण मधल्या 2018 आणि 2022 च्या निवडणुकांत ह्याच मॅकोमने गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट बाईंना निवडलं, दोन्ही वेळा. त्या आजोबांच्या अंगणात 2022 ला त्या बाईंची पाटी होती आणि 2024 ला दुसऱ्या पक्षाची, दोन्ही त्यांनी गॅरेजमध्ये एकीला एक टेकवून ठेवल्या आहेत.