‘क्रिस्पी’ कशाला म्हणायचे, ते कान ठरवतो

इंग्रजी पाककृतींत पावलोपावली भेटणाऱ्या ‘क्रिस्पी’चा मूळ संबंध दातांशी नव्हताच. लॅटिनमधल्या ‘क्रिस्पुस’चा अर्थ कुरळा. त्यातून इंग्रजीत आलेला ‘क्रिस्प’ कित्येक शतके केसांचे वर्णन करत राहिला. ‘कुरकुरीत’ हा अर्थ त्याला चिकटला सोळाव्या शतकात. भाजताना-तळताना पातळ चकत्या आकसून वळतात, त्यावरून तो आला असावा, असा एक अंदाज आहे. गंमत म्हणजे त्याच मुळातून फ्रेंचांचे ‘क्रेप’ हे पातळ धिरडे निघाले आणि ते चांगले लुसलुशीत असते!

पदार्थ कुरकुरीत होतो तो पाणी गेल्यामुळे. बटाट्यात वजनाच्या जवळपास 80 टक्के पाणीच असते. चकती सुमारे 180 अंश सेल्सिअसच्या तेलात पडली की त्याची वाफ होते. तेलातले बुडबुडे ते हेच. मागे उरलेला स्टार्च गार होताना काचेसारख्या अवस्थेत जातो. त्याचे लांबलचक रेणू जागच्या जागी थिजतात, म्हणून दाबल्यावर तो वाकत नाही, तडकतो. हवेतले बाष्प आत शिरले की या रेणूंना सरकायला वाव मिळतो आणि चिप्स सादळतात.

काकडीलाही इंग्रजीत ‘क्रिस्प’ म्हणतात, पण तिथे गणित उलटे. तिच्या पेशी पाण्यानेच ताठ फुगलेल्या असतात आणि दाताखाली फुटतात. पाणी घटले की काकडी लिबलिबीत.

मग दोन्हींना एकच विशेषण कसे चालते? आवाजामुळे. चावताना बारीक तडे भराभर जातात, प्रत्येक तडा आवाज करतो आणि तो हवेतून, शिवाय जबड्याच्या हाडातूनही कानात पोचतो. कुरकुरीतपणा हा मुख्यतः ऐकण्याचा अनुभव आहे, असे झाटा व्हिकर्स आणि माल्कम बोर्न या अन्नशास्त्रज्ञांनी 1976 मध्येच मांडले होते. पुढे मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना हेडफोन लावून चिप्स चावायला दिले. चिप्स साच्यात घडवलेले, म्हणजे सगळे सारखे. बदलत होता फक्त कानात ऐकू येणारा चावण्याचा आवाज. तो मोठा केला किंवा त्यातल्या वरच्या पट्टीला जोर दिला, की चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला 2008 मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनासाठीचे पारितोषिक मिळाले. पुरस्कार हसवणारा असला, तरी प्रयोग चोख आहे.

‘क्रिस्पी’ आणि ‘क्रंची’ यांतला फरकही बराचसा पट्टीचाच. चिप्स वरच्या पट्टीत वाजतात, कच्चे गाजर खालच्या.